राजांगणातली शिरगणती

फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराची वाटणी करायचे ठरले, तेव्हा वकिलांनी पहिल्याच बैठकीत घराण्याची वंशावळ आणायला सांगितली. ती तर तयारच होती. वडिलांनी सुवाच्य अक्षरात उतरवलेली, देवघराच्या फडताळात रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी मी ती नेऊन दिली. वकिलांनी कागद वरून खाली वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि विचारले, "यात बायका कुठे आहेत?" नऊ पिढ्यांच्या त्या कागदावर एकाही स्त्रीचे नाव नव्हते. इतकी वर्षे तो कागद मी आदराने हाताळत आलो होतो आणि ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातही आली नव्हती.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवे की आमच्याकडे घराची वाटणी बायकांना वगळून होऊच शकत नाही. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि त्याचा कुटुंबविषयक भाग पोर्तुगीज गेल्यानंतरही टिकला. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता एक होते, अर्धी त्याची आणि अर्धी तिची. मुलगा आणि मुलगी समान वारस असतात आणि मृत्युपत्र करूनही माणसाला आपल्या वाट्याच्या अर्ध्या भागापलीकडे मनाप्रमाणे देता येत नाही, उरलेले अर्धे मुलांचेच राहते. याचा व्यवहारातला अर्थ असा की बहिणीची सही लागते, आणि बहिणीच्या वाट्यात तिचा नवरा अर्ध्याचा धनी असल्यामुळे जावयाचीही सही लागते. आमच्या घराच्या वाटणीपत्रावर ४३ सह्या लागणार होत्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या अशा माणसांच्या, ज्यांची नावे वडिलांच्या वंशावळीत कधीच आली नसती.

म्हणून मी कागद शोधायला बसलो, आणि एका साध्या वाटणीच्या कामाने मला गोव्याच्या चारशे वर्षांत नेऊन सोडले.

माळ्यावरच्या पेटीत जन्माचे, लग्नाचे, मरणाचे दाखले निघाले. आमच्या बोलीत त्यांना सेर्तिदांव म्हणतात. जांभळ्या शाईचे तिरपे अक्षर, कोपऱ्यात सरकारी तिकीट, घडीवर कागद झिजून आरपार उजेड दिसणारा. आमच्या पूर्वजांच्या नावापुढचा "शेणवी" त्यात "सिनाय" झालेला, शेजाऱ्यांचा "प्रभू" "पोरोबो" झालेला. पण त्या परक्या अक्षरांत एक गोष्ट नीट लिहिलेली होती. प्रत्येक बाईचे माहेरचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि तिच्या आईचे नाव तेथे होते. आमच्यात लग्नात मुलीचे नाव बदलतात, त्यामुळे माझी आजी सासरी ज्या नावाने पंचावन्न वर्षे वावरली त्या नावाची बाई सरकारी दप्तरात जन्मलेलीच नव्हती. तिचे जन्माचे नाव मला पहिल्यांदा त्या दाखल्यावर कळले. घरात ते कोणी उच्चारलेले मी ऐकले नव्हते, आणि तिनेही कधी सांगितले नव्हते.

पेटीच्या तळाशी सुतळीने बांधलेले एक बाड होते. माझे आजोबा १९३४ साली मुंबईत वारले, त्यानंतर झालेल्या मालमत्तेच्या मोजदादीचे, म्हणजे इन्व्हेंतारचे, ते कागद. पोर्तुगीज जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांकडून मी ते वाचून घेतले. वारस अज्ञान असले की न्यायालयाने स्वतः होऊन अशी मोजदाद करायची असा त्या वेळचा नियम होता आणि त्या प्रकाराला "ऑर्फानोलोजिकु" म्हणत, म्हणजे पोरक्यांची मोजदाद. माझे वडील तेव्हा सात वर्षांचे, थोरले काका नऊ वर्षांचे, एक आत्या चार वर्षांची आणि धाकटी अकरा महिन्यांची. चौघांच्या नावापुढे एकच शब्द होता, "ऑर्फांव". पोरके. आणि ज्या बाईने ही मुले पुढे वाढवली, शिकवली, लग्ने लावून दिली, ती त्यांची आई तर त्याच कागदावर खाली अंगठा उठवून उभी होती.

आजी या कागदाबद्दल एकदाच बोलली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. ती म्हणाली होती की कचेरीतल्या माणसाने तो शब्द वाचून दाखवला तेव्हा तिच्या पायांतले बळ गेले, कारण तिच्या माहेरी त्या शब्दाची एक जुनी भीती होती. "पोरकी म्हणून लिहिली की पोरे नेतात," असे तिची आजी सांगत असे. कुठे नेतात, कोण नेतात, हे तिला ठाऊक नव्हते. मी तेव्हा ती अडाणी बाईची समजूत मानून सोडून दिली. आज मला त्याचे वाईट वाटते, कारण त्या समजुतीमागे खरा इतिहास होता.

१५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक आदेश निघाला. ज्या हिंदू मुलांना आईबाप नाहीत आणि आजीआजोबाही नाहीत, त्यांना गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करावे, बाप्तिस्मा द्यावा आणि त्यांच्यासाठी पालक नेमावा असा त्याचा आशय होता. पुढे पुढे त्याचा अर्थ सैल होत गेला आणि आई जिवंत असली तरी बाप नसलेले मूल पोरके धरले जाऊ लागले. हे काम पाहण्यासाठी "पै दुस क्रिश्तांव", म्हणजे ख्रिस्त्यांचा बाप, या नावाचा एक अधिकारीच होता. या आदेशाविषयी लिहिणारे बहुतेक जण धर्मांतराच्या अंगाने लिहितात आणि ते बरोबरच आहे, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकत्र कुटुंबात पोरके मूल अशी वस्तूच नसते. बाप गेला तर काका असतो, काका नसेल तर चुलतआजोबा असतो, कोणीच नसेल तर भावकी असते. मुलाचे पान त्याच पंगतीत पडते आणि त्याला कोणी वेगळे नाव देत नाही. आदेशाने नात्यांच्या या जाळ्यातले तीनच धागे ओळखले, बाप, आई आणि आजीआजोबा, आणि उरलेले सगळे नातेवाईक कायद्याच्या दृष्टीने परके ठरवले. सत्ता माणसे मोजते तेव्हा आधी ती कुटुंब म्हणजे कोण हे ठरवून घेते, आणि त्या ठरवण्यातच किती घरे मोडतात याचा हिशेब कोणत्याही शिरगणतीत येत नाही.

आमचे घराणे मूळचे सासष्टीचे. १५१० साली आफोन्सु द अल्बुकेर्कने तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी पोर्तुगीजांकडे गेल्या, आणि १५६७ च्या सुमारास सासष्टीतली देवळे पाडली गेली. त्याआधीच्या व त्या काळच्या धामधुमीत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला अशी दैवते अघनाशिनी, म्हणजे आजची झुआरी नदी, ओलांडून फोंड्याच्या मुलखात आली, जो तेव्हा आदिलशाहीत होता. देवाबरोबर माणसे आली असे आपण म्हणतो. आमच्या घरात मात्र ही हकीकत थोडी निराळी सांगतात. एका विधवेने दोन मुलांना भाताच्या कणग्यांमध्ये दडवून रात्रीच्या भरतीला होडीतून नदी पार केली आणि तिच्या धाकट्या दिराने मागाहून कुलदैवताची मूर्ती आणली. ही आख्यायिका आहे, तिला पुरावा नाही, आणि वंशावळीत त्या विधवेचे नाव तर नाहीच. वंशावळ तिच्या थोरल्या मुलापासून सुरू होते. तरी १५५९ चा आदेश वाचल्यावर मला ती हकीकत खोटी वाटत नाही. बाप मेलेल्या मुलांना घेऊन रातोरात पळण्याचे कारण त्या काळी फार ठोस होते.

जे मागे राहिले ते बाटले, आणि त्यांच्या घरांचे काय झाले हेही आपण आपल्याच घराच्या जिव्हाळ्याने पाहायला हवे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी होऊ शकत आणि ज्यांचा काही संबंध नाही अशांची एक होत. आडनावाने घराणे ओळखण्याची सोय संपली. तरीही गावकारी टिकली. गावची जमीन गावकारांच्या वांगडांची, म्हणजे मूळ घराण्यांच्या शाखांची, सामाईक असे आणि तिच्या उत्पन्नातला जोण, म्हणजे वाटा, प्रत्येक गावकार पुरुषाला मिळे. १५२६ मध्ये आफोन्सु मेशियाने गावकारांचे रिवाज लिहून काढले आणि ते मान्य झाले. पोर्तुगीजांनी त्या संस्थेला कोमुनिदाद म्हटले. धर्म बदलला, आडनाव बदलले, पण वांगड आणि जोण बदलला नाही. आजही एखादे ख्रिस्ती कुटुंब आपण अमुक गावच्या अमुक वांगडाचे असे सांगते, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीची भावकी बोलत असते. आमच्या बाजूला हेच काम देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या, यादीने केले. दोन्ही याद्या पुरुषांच्या. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन धर्मांत, स्त्रियांना वगळण्याचा नियम मात्र एकच राहिला.

ख्रिस्ती बाजूला एक मोठी भर पडली, ती चर्चच्या नोंदवह्यांची. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक पाद्रीने लग्नांची व बाप्तिस्म्यांची वही ठेवावी असे ठरवले आणि जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे आधी जिंकलेल्या तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतल्या, इगर्जांत तशा वह्या लिहिल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळ आज पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. किती मुले जन्मली, किती तान्ही गेली, साथीच्या वर्षी एका गावात किती पाने मरणाच्या नोंदींनी भरली, हे त्यांत दिसते. नव्या काबिजादी, म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे आणि दक्षिणेकडचे महाल, १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांकडे आले. तोपर्यंत सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि तेथल्या हिंदू घरांच्या अशा वह्याच नाहीत. त्यामुळे माझ्या ख्रिस्ती मित्राला आपल्या दहाव्या पिढीतल्या आजीचे नाव व तिच्या बाप्तिस्म्याचा दिवस सापडू शकतो, आणि मला माझ्या चौथ्या पिढीतल्या आजीचे नावही सापडत नाही. हे मला बोचते. ज्या सत्तेपासून पळून आम्ही कुटुंब वाचवले, तिच्या वहीत पलीकडच्या बायका नोंदल्या गेल्या, आणि आमच्या स्वतःच्या वहीत आमच्या बायका नाहीत.

एकोणिसावे शतक संपता संपता सरकारच शिरगणती करू लागले. ते आकडे मी प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो होतो. १९०० साली गोव्याची लोकसंख्या ४ लाख ७५ हजार होती आणि १९६० साली ५ लाख ९० हजार. साठ वर्षांत चोवीस टक्क्यांची वाढ. तेवढ्याच काळात भारताची लोकसंख्या चौऱ्यांशी टक्क्यांनी वाढली. १९१० ते १९२१ या काळात तर गोव्याची लोकसंख्या घटली, ४ लाख ८७ हजारांवरून ४ लाख ६९ हजारांवर आली. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, मराठी मुलखातली मानमोडी, त्याच काळातली. पण साथ एकदा येते आणि जाते. साठ वर्षे जी गोष्ट सतत चालू होती, ती दुसऱ्या रकान्यात दिसते. दर हजार पुरुषांमागे गोव्यात १९०० साली १०९१ स्त्रिया होत्या, १९२१ मध्ये ११२० आणि १९५० मध्ये ११२८. पाच लाख सत्तेचाळीस हजारांच्या त्या वस्तीत स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे तेहतीस हजारांनी जास्त होत्या.

याचे कारण मुली जास्त जन्मत हे नव्हे. पुरुष बाहेर गेले होते. १८७८ च्या करारानंतर मुरगावची रेल्वे आली, मिठाच्या व्यापारावर इंग्रजांचा ताबा आला, गोव्यात धंदा नव्हता आणि मुंबईत गोदी, बोटी, घरकाम, बँड, कचेऱ्या होत्या. ख्रिस्ती तरुण धोबीतलाव आणि माझगावच्या कुडांत उतरले. आमच्या बोलीत कूड म्हणजे घरातली खोली. मुंबईतल्या त्या वसतिगृहांना गावाने तेच नाव दिले, कारण ती प्रत्येक गावाची मुंबईतली एक खोलीच होती. गावची माणसे तेथे आपापली पेटी ठेवून बोटीची वाट पाहत आणि बोट मिळाली की तारवटी होऊन जगभर जात. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले. हिंदूंनी गिरगावात खोल्या घेतल्या, पेढ्यांवर व कचेऱ्यांत कारकुनी केली. १९१९ मध्ये तेथे गोवा हिंदू असोसिएशन उभी राहिली. माझे आजोबा त्यांतलेच. वर्षातून एकदा, चवथीला, ते बोटीने पणजीला उतरत आणि पंधरा दिवसांनी परत जात. त्यांची चार मुले झाली, आणि हिशेब केला तर दहा वर्षांच्या संसारात आजीला त्यांचा सहवास सहा महिन्यांहून अधिक लाभला नसावा.

तर त्या काळचे घर कसे होते? बाहेरून पाहिले तर ते एकत्र कुटुंब होते. मधोमध राजांगण, त्यात तुळस, चहूबाजूंनी सोपा, एका अंगाला देवघर, मागे चूल. कर्ता पुरुष म्हणून आजोबांचे थोरले बंधू. पण आजीच्या सांगण्यानुसार १९३० च्या आसपास त्या घरात चौदा माणसे जेवत, त्यांत कर्ते पुरुष दोन, आणि त्यांतले एक अंथरुणाला खिळलेले. उरलेल्या चार जावा, दोन विधवा, एक नणंद आणि पाच मुले. दुपारी जेवणाच्या आधी चुलीपाशी बसलेली बाई राजांगणात हाक देई, "कितलीं पानां?" आणि सोप्यावरून कोणीतरी आकडा सांगे. आलेला पाहुणा, दारात टेकलेला कुळागरातला गडी, बाळंतपणाला आलेली मुलगी, सगळे त्यात धरलेले. ती त्या घराची रोजची शिरगणती होती. भात किती टाकायचे, कोणते बियाणे राखायचे, मनिऑर्डर आली नाही तर कोणाकडे शब्द टाकायचा, मुंडकारांच्या, म्हणजे आमच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, घरात बाळंतपण असले तर काय पाठवायचे, हे सगळे त्या बायका ठरवत. कुलाचार त्यांनी सांभाळला, नैवेद्य त्यांनी केला. देवळातल्या महाजनांच्या यादीत मात्र मुंबईत राहणाऱ्या पुरुषांची नावे होती.

या बायकांकडे कायदा कसा पाहत होता, हा प्रश्न त्या बाडाने मला पुन्हा विचारायला लावला. आजोबांच्या इन्व्हेंतारात पहिल्याच पानावर आजीला एक पद दिलेले आहे, "काबेसा द कझाल". मयताच्या मालमत्तेचा कारभारी असा त्याचा अर्थ, आणि पहिला हक्क हयात जोडीदाराचा. शब्दशः पाहिले तर कझाल म्हणजे दांपत्य. मुळात काझा म्हणजे घर. आमच्या ख्रिस्ती बांधवांचे काजार, म्हणजे लग्न, त्याच मुळाचे, आणि अल्बुकेर्कने १५१० नंतर आपल्या शिपायांची येथल्या स्त्रियांशी लग्ने लावून जे काझादु वसवले ते नावही त्याच मुळाचे. पोर्तुगीज कायद्याचे घर दोघांचे होते, आमचे घर कुळाचे. त्यामुळे १९३४ साली एकोणतीस वर्षांची, अक्षरओळख नसलेली माझी आजी कागदावर अर्ध्या मालमत्तेची धनी आणि चार मुलांच्या वाट्याची कारभारी झाली. मुलांच्या हितासाठी कुटुंबसभा नेमली गेली तीत आईकडचे नातेवाईकही बसले. तिचा भाऊ त्यासाठी पेडण्याहून चालत आला होता. आणि त्याच महिन्यात, त्याच घरात, तिचे केशवपन झाले आणि ती मागच्या खोलीत राहायला गेली.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी पुष्कळ दिवस विचार केला. कायद्याने तिला काही दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रजी मुलखातल्या हिंदू मुलीला बापाच्या मिळकतीत भावाच्या जोडीने वारसा मिळायला १९५६ साल उजाडावे लागले आणि वडिलोपार्जित मिळकतीत भावाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर २००५ मध्ये मिळाला. गोव्याच्या कायद्याच्या पुस्तकात मुलगी त्याआधी कितीतरी दशके समान वारस होती. पण त्याच सरकारने १८८० मध्ये हिंदूंच्या रीतिरिवाजांची जी संहिता केली तिच्यात असेही लिहिले की पंचविसाव्या वर्षापर्यंत पत्नीला मूल झाले नाही, किंवा तीस वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरे लग्न करता येईल. मुलगाच हवा हा आमचा हट्ट सरकारने वयासकट लिहून घेतला. समान वाटा मिळालेल्या मुलींकडून तो लग्नानंतर सोडपत्रावर सही घेऊन परत घ्यायचा, ही रीत आमच्या घरांनी स्वतः काढली, आणि माझ्या थोरल्या आत्यानेही तशी सही केलेली आहे. तिला विचारले होते का, असे मी काकांना एकदा विचारले. ते म्हणाले, "विचारायचे काय त्यात?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

आणखी एक रकाना आहे, ज्याच्याबद्दल आमच्यासारख्या घरांतले लोक लिहीत नाहीत. देवळाभोवतीच्या वाड्यात कलावंतांची, म्हणजे देवळाच्या सेवेत नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांची, घरे होती. तेथे घर आईचे असे, मुले आईच्या नावाने ओळखली जात, कुटुंब आजी, आई आणि मुलगी अशा वाटेने चाले. नोंदवहीत मात्र बापाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. तेथे बाप अज्ञात, असे लिहीत. अज्ञात कोणीच नव्हता. वाड्याला माहीत होते, देवळाला माहीत होते, महाजनांच्या यादीत ते नाव बहुधा होतेही. त्या समाजाने गोमंतक मराठा समाज म्हणून स्वतःला उभे केले, शिक्षण घेतले, आणि ज्या मानाने ते उभे राहिले तो मान त्यांनी स्वतः मिळवला. आमच्या बाजूची वंशावळ मी लिहायला घेतली, तेव्हा तिच्यातली किती पाने त्या वाड्यात आहेत, हा प्रश्न मी टाळू शकलो नाही. उत्तर माझ्याजवळ नव्हते, पण कागदावर मी त्या जागी रेघ ओढली नाही, जागा मोकळी ठेवली.

१९५० नंतर खाणी वाढल्या, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि १९६० ते १९७१ या काळात लोकसंख्या पस्तीस टक्क्यांनी वाढून ७ लाख ९५ हजारांवर गेली. १९७१ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे ९८१ स्त्रिया होत्या. बाहेरून कामाला पुरुष आले आणि तो जुना आकडा एका दशकात नाहीसा झाला. आज गोव्यात दर स्त्रीमागे सरासरी १.३ मुले जन्मतात. आमच्या राजांगणात चवथीला जमणाऱ्या मुलांची संख्या मी बोटांवर मोजतो. आणि पुन्हा एकदा तरुण निघाले आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येते, म्हणून आजोबांचे सेर्तिदांव शोधायला कचेऱ्यांपुढे रांगा लागतात. माझ्या पुतण्याने त्याच पेटीतला दाखला नेला आणि तो आता इंग्लंडमध्ये आहे. मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. ज्या घरातून त्याचा पणजोबा बोटीने गेला त्या घरातून तो विमानाने गेला, आणि मागे पुन्हा त्याची आई आहे.

वंशावळ मी नव्याने लिहिली. तिच्यात आता प्रत्येक विवाहाच्या जागी दोन नावे आहेत आणि बाईच्या नावापुढे तिचे जन्माचे नावही आहे. वरच्या चार पिढ्यांत बायकांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. त्या विधवेसाठी मी सगळ्यांत वर एक जागा केली आणि तेथे "होडीतून आलेली" एवढेच लिहिले. वकिलांनी ते शब्द खोडायला सांगितले, दस्तऐवजात असे चालत नाही म्हणाले. त्यांच्या प्रतीत मी ते खोडले. देवघरातल्या प्रतीत ते आहेत.

सह्यांच्या दिवशी आम्ही सगळे निबंधकांच्या कचेरीत जमलो. धाकटी आत्या, त्या १९३४ च्या बाडातली अकरा महिन्यांची पोरकी, आता नव्वदी ओलांडलेली, काठी टेकत आली होती. तिने सोडपत्र केलेले नव्हते. यंदा तिने आपला वाटा घ्यायचे ठरवले होते आणि ते तिने कोणाला न विचारता ठरवले होते. एकेकाचे नाव पुकारले जात होते, माणूस पुढे जाऊन छायाचित्र काढून घेई, अंगठा देई, सही करी. आत्याचे नाव तिच्या जन्मदाखल्याप्रमाणे लिहिलेले होते. कारकुनाने ते पुकारले. ती तशीच बाकावर बसून राहिली, कोणाला बोलावतात ते पाहत. कारकुनाने पुन्हा पुकारले. तेव्हा माझ्या आईने तिच्या हाताला स्पर्श केला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हालाच." आत्याने एकदा आईकडे आणि एकदा त्या टेबलाकडे पाहिले, चष्मा पदराने पुसला आणि उठली.